विषय क्रमांक एक : आचलचे पुढील शिक्षण

आचल अकोल्याला समाजकार्य शिकायला गेली नाही, आणि अमरावतीत राहून मानसशास्त्रही शिकली नाही. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता दोन्ही दारं लागली आणि ती दोन्हींच्या बाहेर राहिली. हा निकाल.

पण डोमाजींच्या घरात निकाल आधी लिहायची पद्धत नाही. आधी तारीख, मग हजर सभासद, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि त्यानंतर विषय क्रमांक एक. तेव्हा वरचा परिच्छेद लिहिलाच गेला नाही असं समजावं. सोमवारच्या दुपारचे तीन वाजायचे आहेत, आचलच्या हातात मोबाइल आहे, दोन्ही याद्यांत तिचं नाव आहे, आणि अजून काहीही होऊ शकतं.

डोमाजी म्हणजे आचलचे आबा. छत्तीस वर्षं त्यांनी ग्रामसेवक म्हणून काढली, निम्मी वलगावच्या आसपास, निम्मी मोर्शीकडे. या काळात त्यांनी इतक्या ग्रामसभा घेतल्या, की निवृत्तीच्या दिवशी साहेब शाल घालायला उठले तेव्हा त्यांनी आधी सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते विचारून घेतलं. माणूस नोकरीतून निघतो, सभा माणसातून निघत नाही. घरी बसल्यावर चौथ्याच दिवशी त्यांनी एक जाड रजिस्टर आणलं, पानांवर नंबर घातले आणि वलगाव रोडवरच्या आपल्या तीन खोल्यांच्या घराची पहिली सभा बोलावली. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट ठरावाने होत आली, किंवा ठरावाने होता होता राहिली. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं याचा ठराव २०१९ साली एकमताने मंजूर झाला. कूलर अजून कोरडा आहे. आजी गेली तेव्हा दुखवट्याचा ठराव लिहिताना आबांची ओळ रेघेखाली उतरली. तेवढं एक पान सोडलं तर रजिस्टर स्वच्छ आहे.

आचल लहान होती तेव्हा तिला वाटायचं, हे सगळ्यांच्याच घरी चालत असेल. तिसरीत असताना ती एका मैत्रिणीकडे जेवायला गेली आणि पानावर बसता बसता तिच्या आईला विचारलं, काकू, तुमच्याकडं कोरम किती लागते? त्या बाईंना वाटलं पोरीला एखादा पदार्थ हवाय. त्यांनी लोणचं वाढलं.

खरं तर हा विषय रविवारीच निकालात निघायचा. पण आचलचे बाबा, देवानंद, वीज कंपनीत तंत्रज्ञ. रविवारी इतिवृत्त वाचून निम्मं होतं न होतं तोच कुठेतरी तार तुटली आणि ते पक्कड घेऊन निघून गेले. आबांचा नियम असा, की ग्रामपंचायतीचं थोड्या माणसांवर भागतं, घराला सगळीच लागतात. सभा तहकूब झाली. सोमवार, दुपारी तीन वाजता, अशी नोटीस फ्रिजवर डकवण्यात आली. शेवटची तारीख सोमवारच आहे, पाचपर्यंतच आहे, असं आचल म्हणाली. त्यावर आबांनी, मंग दोन तास हायत ना, दोन तासात मी आख्खं गाव हागणदारीमुक्त केलं हाय, असं सांगून चष्मा डबीत घातला.

सगळीच लागतात, यातून एक जण मात्र वगळलेला होता. ललित, आचलचा मोठा भाऊ, सत्तावीस वर्षांचा. राज्यसेवेच्या परीक्षेत तिसऱ्यांदा पावणेदोन मार्कांनी राहिला, त्या दिवशी तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्याला चौदा महिने झाले. यावर घरात ठराव नाही. दर सभेला रजिस्टरमध्ये एवढीच ओळ पडते : श्री. ललित, अभ्यासानिमित्त गैरहजर, रजा मंजूर. ताट दाराशी ठेवतात, ते कधी रिकामं बाहेर येतं, कधी अर्धं. आंघोळीला तो घर सामसूम झाल्याशिवाय निघत नाही. कॉलनीत सांगितलंय की पोरगा अभ्यास करून राहिला, आणि कॉलनीने गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला आहे. समोरच्या बाईने तर आपल्या शिवमसाठी ललितदादाचं टाइमटेबल मागून नेलं. टाइमटेबल होतंच कुठे? शेवटी आचलच्या आईने, संध्याने, स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने एक तयार केलं. पहाटे साडेचार, राज्यघटना. सहा, इतिहास. आता तो शिवम साडेचारला उठतो. त्याचे मार्कही वाढलेत. ही गोष्ट आचलला कधी कुणाला सांगता आली नाही, कारण ऐकणारा हसला असता आणि मग तिला रडावं लागलं असतं.

चौदा महिन्यांत ललित सगळ्यांदेखत एकदाच बाहेर आला. एप्रिलात, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. बैठकीत येऊन बसला, पाण्याचा पेला हातात घेतला. चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात देवानंदचा फोन खणखणला. ललितने पेला अर्धा तसाच खाली ठेवला आणि आत गेला. त्यानंतर एकोणीस दिवस ताटापुरतंही दार नीट उघडलं नाही. तेव्हापासून देवानंदचा फोन घरात कधी वाजत नाही, नुसता थरथरतो.

आता प्रवेशाचं. पोर्टल एकच. आचलचं नाव दोन याद्यांत लागलेलं : अकोल्याला एम.एस.डब्ल्यू., अमरावतीला एम.ए. मानसशास्त्र. नावाखाली दोन गोल. एकात टिंब द्यायचं, मग पालकांच्या मोबाइलवर सहा आकडे येणार, ते टाकले की जागा आपली. पाचच्या आत टाकले नाहीत, तर दोन्ही जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्यांच्या. पालकांचा मोबाइल म्हणजे देवानंदच्या शर्टाच्या वरच्या खिशातला.

अडीचला आशाआत्या आली. देवानंदची मोठी बहीण, अकोल्याची. बसस्टँडवरून गिला वडा, म्हणजे दह्यात भिजवलेले वडे, बांधून घेतलेला. जय भीम झाला, पाणी झालं, आणि तिने बसण्याआधीच विचारलं, ठरलं का? आबांनी लेकीचं नाव रजिस्टरमध्ये विशेष निमंत्रित म्हणून घातलं आणि कंसात लिहिलं, मताचा अधिकार नाही. आत्याने ते वाचलं. मत नसलं तरी तोंड हाय ना बाबा मले, म्हणाली, आणि पंख्याखालची खुर्ची धरली.

तीनला सभा सुरू झाली. आबांनी रविवारच्या अर्धवट सभेचं इतिवृत्त वाचलं, मग त्या सभेत जे अर्धवट वाचलं गेलं होतं ते त्याआधीच्या सभेचं इतिवृत्त पुन्हा पहिल्यापासून वाचलं. देवानंदने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. आचलने घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं होतं, कारण मोबाइलच्या कोपऱ्यात ते होतंच आणि डोळा आपोआप तिथे जात होता. पावणेचारला इतिवृत्त कायम झालं.

विषय क्रमांक एक. आबांनी आपलं मत खुर्चीवरून मांडलं, म्हणजे ते निवेदन धरायचं. ते समाजकार्याच्या बाजूचे. त्यांचा हिशेब सरळ होता. सरकारात समाजकल्याण नावाचं खातं आहे, त्याला अधिकारी लागतो, अधिकाऱ्याला जीप असते. मनकल्याण नावाचं खातं मी छत्तीस वर्षांत पाह्यलं नाही, ते म्हणाले.

देवानंद मानसशास्त्राच्या बाजूचा. त्याने कारण सांगितलं नाही, नुसतं आतल्या दाराकडे पाहिलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्या मागोमाग तिकडे पाहून पुन्हा आपापल्या पायांकडे पाहिलं. मग तो बसक्या आवाजात म्हणाला की बाहेरचा डॉक्टर म्हटला की चार लोक पाहतात, कागद होतो, त्या कागदावर नाव येतं. घरातलंच माणूस शिकलेलं असलं तर घरातल्या घरात होते. फॉल्ट शोधायचा तर पेटी उघडावी लागते, हे अख्ख्या डिव्हिजनमध्ये त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. या एका पेटीसमोर मात्र तो चौदा महिने पक्कड मागे लपवून उभा होता.

संध्याने मान हलवली. ती नवऱ्याच्या बाजूने, निदान पावणेचार ते चारपर्यंत.

आचलला वाटलं, समजावून सांगणं आपलं काम आहे. मानसशास्त्रवाला माणसाला विचारतो, तुला आतून काय वाटतं. समाजकार्यवाला विचारतो, तुझ्याकडे रेशनकार्ड आहे का. तिला दोन्ही प्रश्न आवडायचे. पण या घरात पहिला विचारायची चोरी होती, आणि दुसऱ्याचं उत्तर होय असं होतं, तरी कुणाचं काही भागत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "एम.ए. करून कोनाचा इलाज नाही करता येत. त्याच्यापुढं आनखी शिकाव लागते, परवाना लागते. आनि परवाना भेटला तरी घरच्या मानसाले नाही पाहता येत."

"मंग दोन वर्षं शिकून काय होते?"

"दुसऱ्याच्या भावाले पाहता येते."

हे लिहून घ्यावं की नाही अशा विचारात आबांनी पेन अधांतरी धरलं. मग देवानंदने दोन्ही हात गुडघ्यावर टेकले आणि मानसशास्त्रातला त्याचा सगळा रस एखादा फ्यूज काढावा तसा निघून गेला. तो आत्याला म्हणाला, बाई, अकोल्याले राहायचं कसं होईन?

आत्या याचीच वाट पाहत होती. माझ्याइथं राहीन की, दोन खोल्या रिकाम्या हायत, कॉलेज चालत जायच्या अंतरावर. पोरीचं सगळं मी पाहीन. तिने फक्त सकाळ-संध्याकाळ सासूबाईंच्या उशाशी जरासं बसायचं. सासूबाई म्हणजे पार्बताबाई, दोन वर्षांपासून अंथरुणाला. उठवायचं, कूस बदलून द्यायची, तेवढंच. तेही समाजकार्यच की. प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे मागावे लागणार नाहीत.

"असं सांगा ना आशाबाई," संध्या म्हणाली, "का तुमाले सून पुण्याले गेल्यापासून बाई भेटत नाही."

"अन् तुले दारापाशी बसाले सोबतीण पायजे, ते सांग."

हे दोन्ही खरं होतं. संध्या नवऱ्याची बाजू सोडून निघाली ती कुठल्याच बाजूला पोचली नाही. तिला ना हा कोर्स हवा होता ना तो. पोरगी घरात असली की दुपारी त्या बंद दाराकडे बघायला दोन माणसं असतात. नसली की एकच. याला कुठल्या विद्यापीठात विषय नाही.

आबा, आत्या आणि देवानंद आता अकोल्याच्या बाजूने, संध्या एकटी विरुद्ध. दहा मिनिटांपूर्वी हेच गणित उलटं होतं. त्यातला कुणीही आचलसाठी मत देत नव्हता, आणि ती तरी कोणाला नावं ठेवणार होती? तिचं स्वतःचं कारणही काही स्वच्छ नव्हतं.

तिला समाजकार्य हवं होतं. कॉलेजच्या शिबिरात मोर्शीजवळच्या एका गावात ती सात दिवस होती. तिथल्या चतुराबाई नावाच्या एका म्हातारीचं निराधार पेन्शनचं प्रकरण सहा वर्षं अडलेलं. आचल तिच्याबरोबर तहसीलला तीनदा गेली, एक दाखला इथला, एक शिक्का तिथला, आणि दिवाळीनंतर म्हातारीचा कुणाच्या तरी फोनवरून निरोप आला की झालं माय. तिच्या आयुष्यात सुरू होऊन संपलेलं ते पहिलं काम. घरी काहीच संपत नव्हतं. हे एक कारण. दुसरं असं, की अकोला शंभर किलोमीटरवर आहे, आणि शंभर किलोमीटरवरून ते दार दिसत नाही. रात्रंदिवस तिला याची लाज वाटे, आणि लाज वाटूनही ते तितकंच खरं राही. तिने होस्टेलचं पाहूनही ठेवलं होतं. आत्याकडे नाही, घरी नाही. पलंगाच्या दांडीला आपला टॉवेल, एवढंच तिला दिसायचं.

चार पंचवीसला आबांना आठवलं की नियमाप्रमाणे अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं राहिलं.

"बोल आचल. तुह्यं काय म्हननं हाय?"

घरात असा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिने मोबाइल मांडीवर ठेवला, घसा साफ केला. समाजकार्य, अकोला, होस्टेल : तीनच शब्द होते, रविवारपासून ओळीने उभे केलेले.

आतल्या दाराची कडी निघाली.

ललित बाहेर आला. इस्त्रीच्या घड्या पडलेला पांढरा शर्ट, मुलाखतीसाठी शिवलेला आणि कधी न घातलेला. तो आता खांद्यावरून उतरत होता. दाढी छातीला लागायला आलेली. भिंतीचा आधार न घेता तो चालत आला, रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आणि हात मांडीवर ठेवले. फक्त आबांचं पेन चाललं : श्री. ललित, हजर, ४.२६.

मग या घराने आयुष्यातला सर्वात मोठा ठराव न मांडता, न बोलता मंजूर केला. काहीही घडलेलं नाही असं वागायचं. संध्या उठली, धावली नाही, चालत गेली, आणि वाटीत गिला वडा घेऊन आली. देवानंद मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसला, जवळ पण न टेकता, खारूताई जवळ आली म्हणजे माणूस बसतो तसा. आत्या अकोल्याच्या उन्हाबद्दल बोलू लागली. ऑगस्ट चालू होता, बाहेर ढग होते, तरी ती मे महिन्यातल्या उन्हाबद्दल बोलत राहिली, कारण उन्हाचं कुणाला वाईट वाटत नाही. आबा म्हणाले, हो, अकोल्याचं ऊन ते ऊनच. कोर्स, कॉलेज, शेवटची तारीख हे शब्द खोलीतून असे गेले, जसे पाहुणा येताच दोरीवरचे कपडे जातात.

ललितने चमच्याने एक वडा तोडला. खाल्ला. संध्या त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्याने गिळलं की तीही गिळत होती.

आचलने मांडीवरचा मोबाइल उचलला. तिने पहिल्या गोलात टिंब दिलं. अकोला. खालचं बटण दाबलं. देवानंदच्या छातीवर फोन थरथरला.

ललितचा चमचा वाटीत थांबला.

देवानंदने खिशावर तळहात ठेवला, घट्ट, जणू छातीत कळ आली आहे. थरथर हाताखाली विझली. दोन क्षण गेले, चमचा पुन्हा हलला. आत्या मूर्तिजापूरच्या उन्हावर आली होती.

आचलने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली, इतकी कमी की हलली असं शपथेवर सांगता आलं नसतं. त्या हलण्यात ‘नाही’ नव्हतं. ‘थांब’ होतं. आत्ता नको, एवढा वडा होऊ दे.

चार अठ्ठेचाळीसला तिने आकडे पुन्हा मागवले. दुसरा वडा चालू होता. हात पुन्हा खिशावर. चार छप्पन्नला तिसऱ्यांदा. देवानंदच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते तिखटाचं आहे असं दिसावं म्हणून त्यानेही एक वडा तोंडात टाकला.

तू ओरडाले पायजे होतं, असं आत्या पुढे कितीतरी वेळा म्हणाली. पण आत्याही ओरडली नव्हती. ओरडणं सोपं होतं. बाबा, फोन द्या : तीनच शब्द, तेही तिच्याकडे होते. पण तिच्यासमोर तिचा भाऊ बसला होता आणि खात होता, दाढीला दही लागलेलं होतं, आणि ज्या दिवसासाठी तिने चौदा महिने वाट पाहिली तो हाच होता. खरी पंचाईत तर ही, की तिला आनंद झाला होता. पाचला तीन मिनिटं कमी असताना ती आनंदात होती आणि तिचा अंगठा पडद्यावर थिजला होता.

पाच वाजले. पान आपोआप बदललं. मुदत संपली आहे, असं निळ्या अक्षरांत आलं, आणि खाली धन्यवाद. आचलने मोबाइल पालथा ठेवला आणि भावाला आणखी दही हवं का ते विचारलं.

पाच वाजून सात मिनिटांनी ललितने वाटी खाली ठेवली. तोंड पुसलं. घसा दोनदा खाकरला. वापरात नसलेल्या नळासारखा आधी नुसता आवाज आला, मग शब्द.

"आबा. ऐनवेळचा विषय मांडाचा हाय. अध्यक्षाच्या परवानगीनं."

आबांचा चष्मा हातातच राहिला. "मांड."

"दारातून सारं आयकू येते मले. शनिवारपासून शब्द जमवून राह्यलो. मघापासून तोंडाशी येते अन् फिरून जाते." आचलकडे बघायला त्याला थोडा वेळ लागला. "आचलले अकोल्याले जाऊ द्या. माह्यासाठी तिले इथं ठिऊ नका. आनि ते दुसऱ्याच्या भावाले पाहता येते म्हणाली ना... तेच करू द्या तिले. माह्यं म्या पाहीन. एवढंच."

एवढं बोलून तो हसला. हसू ओळखीचं होतं, फक्त फार दुरून आलेलं. संध्याने पदर तोंडाला लावला. आत्याचं ऊन संपलं. देवानंदचा हात खिशावरून गळून पडला, आणि त्याला वाटलं असावं की आता काहीतरी करायला हवं, म्हणून त्याने फोन बाहेर काढला आणि आचलपुढे धरला. पडद्यावर एकाखाली एक तीन संदेश होते. सहा आकडे, सहा आकडे, सहा आकडे.

ललित शेजारीच होता. त्याला दिसलं.

"हे कवाचे?"

"कायचेच नाही दादा," आचल म्हणाली. "जाहिराती हायत."

पाच वर्षं ज्याने फॉर्म भरले, हॉलतिकिटं काढली, सायबर कॅफेत रांगा लावल्या, त्याला सहा आकडे काय असतात आणि शेवटची तारीख काय असते ते या घरात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्याने प्रत्येक संदेशाखालची वेळ वाचली. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं, बराच वेळ, जणू वाटीच्या बुडाशी कुणी काही लिहून ठेवलं आहे.

"म्या आधी बोलाले पायजे होतं," तो म्हणाला.

नाही रे, असं देवानंद आणि संध्या एकदम म्हणाले. पुढल्या वर्षी होतेच ना फॉर्म, आत्या म्हणाली, आणि पुढल्या वर्षी हा शब्द या घरात कोणासमोर उच्चारला आपण, हे तिला उच्चारल्यावर कळलं. ललित उठला. त्याने वाटी स्वतः मोरीत नेऊन ठेवली, वर पाणी घातलं, पाहुण्याने करावं तसं. मग आत गेला. कडी हळू लागली. आदळली असती तर बरं झालं असतं, असं आचलला पुढे अनेक दिवस वाटत राहिलं.

आबांनी लिहिलं : विषय क्रमांक एक, मुदत संपल्याने दप्तरी दाखल. ऐनवेळचा विषय, एकमताने मंजूर. मग त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि अंमलबजावणीचा रकाना कोरा ठेवून रजिस्टर मिटलं. आत्या सहाच्या बसने गेली. जाताना तिने आचलच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. देवानंद पायरीवर बसून फोनमधले ते तीन संदेश खोडण्याचा प्रयत्न करत होता. त्याला खोडता येत नव्हते, आणि या वेळी पोरीला विचारायचा धीर होत नव्हता.

संध्या तेवढी म्हणत राहिली, खाल्लं पन त्यानं. चार खाल्ले.

मंगळवारी सकाळी दाराशी ठेवलेलं ताट दहा वाजता तसंच होतं. साडेदहालाही. समोरच्या घरून शिवमचा पाढा म्हटल्यासारखा राज्यघटना पाठ करण्याचा आवाज येत होता. आचलने वहीचं एक पान फाडलं, समासाची रेघ मारली, आणि लिहिलेला कागद आबांपुढे नेऊन ठेवला. आबांनी तो आवक नोंदवला, क्रमांक घातला, तारीख टाकली. मग चष्मा पुसला आणि वाचला. पुन्हा पुसला.

प्रति,
मा. अध्यक्ष, कुटुंब सभा,
वलगाव रोड, अमरावती.

विषय : चौतीस मिनिटे परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, काल सोमवारी दुपारी ४.२६ ते ५.०० या वेळेत अर्जदार सभेस हजर होती व तिने काहीही केले नाही. सबब, सदर चौतीस मिनिटे अर्जदारास परत देण्यात यावीत. परत देताना श्री. ललित यांचे खोलीबाहेर येणे रद्द समजू नये, तसेच त्यांनी चार वडे खाल्ल्याची बाब कायम ठेवावी. फक्त ते जे पाच वाजून सात मिनिटांनी बोलले, ते पाचला दहा मिनिटे कमी असताना बोलले असे धरून पुढील कार्यवाही व्हावी, आणि तसे त्यांना दाराबाहेरून का होईना, लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.